पानाची मागची बाजू

जुन्या रजिस्टरमधल्या प्रत्येक पानाचा खालचा उजवा कोपरा काळा पडलेला असतो. तो शाईने नव्हे, थुंकीने काळा होतो. अंगठा जिभेवर फिरवायचा आणि पान उलटायचं, असं शंभर वर्षं चालत आलं आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या थुंकीत खर्राही असतो, म्हणजे प्लॅस्टिकच्या पन्नीत घासलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. चुन्याचं मला फारसं वाटत नाही, तो कागदातलं आम्ल मारतो. सुपारीचा डाग मात्र जात नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी खैरमाळ नगरपरिषदेच्या अभिलेख कक्षात नोकरीला लागले, त्याला अकरा वर्षं झाली. किळस कमी झालेली नाही.

कक्ष पुरुषांच्या मुतारीला लागून आहे. मधली भिंत वर्षभर ओली असते आणि तिला पांढरं मीठ फुटतं. आल्या आल्या मी सगळी कपाटं भिंतीपासून दीड फूट पुढे ओढून घेतली आणि दारावर पाटी लावली : हात धुऊन या. पान मी उलटेन. लोक पाटी मोठ्याने वाचतात, हसतात आणि अंगठा जिभेला लावतात.

एका माणसाला या पाटीतून सूट होती. भगवानराव गावंडे, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, वय अठ्ठ्याहत्तर. खैरमाळचा इतिहास लिहिणारे ते एकटेच. दर मंगळवारी दुपारी ते यायचे. मी त्यांच्यासमोर मागतील ती बाडं ठेवायची, किल्ली टेबलावर ठेवायची आणि जेवायला घरी जायची. येत्या शनिवारी नगरपरिषद त्यांचा सत्कार करणार होती. मानपत्र मीच लिहून दिलं होतं. त्यात त्यांना मी ‘गावाच्या स्मृतीचे राखणदार’ म्हटलं होतं.

त्या आठवड्याच्या सोमवारी बंजारा तांड्यावरचे रूपसिंग राठोड आले. सोबत नात, उर्वशी. रूपसिंगनी पाटीकडे पाहिलं, नातीला गोरबोलीत, त्यांच्या भाषेत, काही विचारलं, आणि दोघंही बाहेरच्या नळावर जाऊन हात धुऊन आली. हात कोरडे होईपर्यंत रूपसिंग ते अंगापासून लांब धरून उभे राहिले. अकरा वर्षांत असं कुणी केलेलं मला आठवत नाही.

उर्वशीने फाइल उघडली. तिला नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली होती. ती टिकवायला जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यासाठी एकोणीसशे एकसष्टच्या आधीचा पुरावा. तो तिच्याकडे होता. तिचे आजोबा अठ्ठेचाळीस साली तांड्यावर जन्मले, तेव्हाच्या कोतवालाने त्याची नोंद केली होती, आणि मुलाच्या नोकरीच्या वेळी, अठ्ठ्याण्णव साली, रूपसिंगनी त्या नोंदीची नक्कल काढून घेतली होती. पण समितीला जुन्या नकलेवर भरवसा नव्हता. पुढच्या सोमवारी सुनावणी होती आणि तिथे मूळ रजिस्टर हजर करायचं होतं. ते घेऊन जाणं माझं काम.

खैरमाळ तेव्हा खेडं होतं. कोतवाल घरोघर फिरून जन्ममृत्यू लिहून घ्यायचा. ते रजिस्टर म्हणजे कोतवाल बुक. आमच्या कोतवालाची एक पद्धत होती : गावातल्या नोंदी पानाच्या पुढच्या बाजूला, तांड्यावरच्या मागच्या बाजूला. त्याला तसं कुणी सांगितलं होतं की त्याचं त्यालाच तसं सुचलं, ते आता कळायला मार्ग नाही. अठ्ठ्याण्णवच्या नकलेवर लिहिलं होतं : पान ४३, मागील बाजू.

मी बुक उघडलं. बेचाळीसनंतर चव्वेचाळीस आलं.

मी पुन्हा उलटून पाहिलं. शिवणीजवळ चार मिलिमीटर रुंदीची पट्टी उरली होती. कड सरळ होती. फक्त वरून एक तृतीयांशावर पातं अडखळलं असावं, तिथे छोटी खाच होती.

“काय झालं मॅडम?” आमचा लिपिक विक्की मागून डोकावला. “पान नाही? घ्या. यायनंच फाडलं अशीन. बोगस नकला काढतेत अन् मंग मूळ गायब करतेत. तांड्याचं हे नेहमीचंच हाये.”

“म्या कायले फाडू बाप्पा?” रूपसिंग म्हणाले. “माह्याच जन्माचं पान?”

“म्हणूनच तं.”

“म्हणूनच म्हणजे कसं सर?” उर्वशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “पुरावा आमचा. तो गेला तर जागा माझी जाते. मग फाडणार कोण?”

विक्कीने खांदे उडवले आणि खर्ऱ्याची पन्नी तळहातावर घासत बाहेर गेला.

रूपसिंग त्या पट्टीकडे वाकून पाहत होते. हात पाठीमागे बांधलेले. मग ते हसले. “बाई, पान नाई सापडलं तं मी जन्मलोच नाई म्हणाव काय? शहात्तर वर्षं उगाचच भाकरी खाल्ल्या मंग.”

मी त्यांना शुक्रवारी यायला सांगितलं. त्यांना काय देणार होते, ते मलाच माहीत नव्हतं.

ते गेल्यावर मी बाडं बाहेर नेण्याची नोंदवही काढली. कोतवाल बुक माझ्या अकरा वर्षांत एकदाही बाहेर गेलं नव्हतं. म्हणजे पान कक्षातच कापलं गेलं, आणि कक्षात माझ्या गैरहजेरीत एकच माणूस बसायचा. पण एवढ्यावर एखाद्याचं नाव घेता येत नाही. मी कपाटातून गुरुजींच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती काढली. तिच्यात पान ४३ च्या पुढच्या बाजूचा फोटो आहे, कारण तिथे सध्याच्या नगराध्यक्षांच्या वडिलांच्या जन्माची नोंद आहे. बांधलेल्या वहीचा फोटो काढला की डावी कड शिवणीकडे वळते, अक्षरं तिथे दाटतात आणि सावली पडते. या फोटोत डावी कड पट्टीने आखल्यासारखी सपाट होती. वरून एक तृतीयांशावर एक बारीक टोक बाहेर आलं होतं. फोटो मूळ आकाराचाच छापला होता. मी तो पट्टीला लावून पाहिला. टोक खाचेत बसलं.

त्या पुस्तकाची मुद्रितं मी तपासली होती. तो फोटो मी तीनदा पाहिला होता.

मंगळवारी सकाळी मी गुरुजींच्या घरी गेले. बैठकीत सोफ्यावर सोनेरी पट्ट्यांची चौकट टेकवून ठेवलेली होती. काचेआड पान ४३, पुढची बाजू. नगराध्यक्षांच्या वडिलांच्या नोंदीभोवती कुणीतरी लाल स्केचपेनने चौकोन काढला होता.

“ये पोरी. पाह्य, कशी झाली?” गुरुजी म्हणाले. “शनिवारी स्टेजवर अध्यक्षसाहेबाले भेट देतो. त्यायच्या डोळ्यात पाणी येते का नाही ते पाह्यजो.”

“हे पान कुठून काढलं गुरुजी?”

“काढलं नाई वं. वाचवलं. तुह्या त्या मुतारीत सडलं असतं.”

“कपाटं मी भिंतीपासून लांब केली आहेत.”

“तुह्या आधीपासून वाचवून राह्यलो मी.” त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत पानं होती. कोतवाल बुकातली, ठरावांच्या वह्यांतली, शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातली. काही लॅमिनेट केलेली, काही चिकटपट्टीने जोडलेली. ते अंगठा जिभेला लावून एकेक उलटू लागले. “हे पाह्य, एकोणीसशे बाविसची जत्रा. हे पाह्य, पयली मोटार आली तं जकात किती घेतली.” अंगठा, जीभ, पान. अंगठा, जीभ, पान. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल फेस जमला होता.

“त्रेचाळीस नंबरचं पान कधी कापलंत?”

“तू जेवाले गेलती तवा,” ते सहज म्हणाले. जणू मी पेन कुठून घेतलं असं विचारलं होतं. “दोन मिनिटाचं काम. नवं ब्लेड होतं.”

“मागे काय होतं त्याच्या?”

“मागं?” त्यांना आठवावं लागलं. “तांड्याचं होतं कायतरी. थावरा, लछमा, असे नावं. त्याचा इतिहासात काय उपयोग?”

“आणि मागची बाजू आता?”

“प्लायवर हाये. फेविकॉलचे दोन हात देल्ले. हलणार नाई आता शंभर वर्षं.”

मी चौकट उचलली. ती वाटली त्यापेक्षा जड होती.

“हे नगरपरिषदेचं पान आहे. मी घेऊन जाते. पावती देते.”

“पावती? मले?” त्यांचा चेहरा तांबडा झाला. “तुले नोकरी लागली तवा रजिस्टर कसं वाचाचं ते कोणं शिकवलं? तुमच्या वस्तीचे दोन पानं मीच टाकले पुस्तकात. छप्पनची दीक्षा, तुहा आजा, समदं. दुसऱ्या कोणं लिवलं असतं काय?”

“दोन नव्हती गुरुजी, दीड होतं. मुद्रितं मी तपासली होती.”

पावती लिहून मी टीव्हीवर ठेवली. ते दारापर्यंत आले, पण माझ्या हातातून चौकट घेतली नाही. “शनिवारच्या आत आणून दे,” एवढंच म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की मी आणून देईन.

कोतवाल कॉपिंग पेन्सिलीने लिहायचा. ती कोरडी असते तेव्हा अक्षर करडं दिसतं, पाणी लागलं की जांभळं होऊन पसरतं. म्हणजे गोंद विरघळवायला मी जे काही वापरलं असतं, पाणी, स्पिरिट, अॅसिटोन, त्याने आधी अक्षरं गेली असती. कागद प्लायवरून काढता येत नव्हता. प्लाय कागदावरून काढावा लागणार होता, मागच्या बाजूने, थर थर करून.

बुधवारी डोमाजी सुताराच्या दुकानात मी ते समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. “वा मॅडम. समदे गिऱ्हाईक म्हणतेत कागद निघाला तं निघू द्या, प्लाय वाचवा. तुमी पयल्या.”

मी रूपसिंगना निरोप दिला होता. पान त्यांच्यासाठीच उघडत होते, ते समोर असावेत असं मला वाटलं. ते उर्वशीबरोबर आले आणि काही न विचारता चौकटीचं एक टोक दाबून बसले. डोमाजी रंधा मारत होता. पाच थर होते. चार त्याने उतरवले, शेवटचे दोन काचेच्या तुकड्याने खरवडून. पाचवा, नखाएवढ्या जाडीचा, त्याने सोडला. “आता तुमचं काम. माह्या हाताले हे जमणार नाई.”

तो थर काढायला मला गुरुवारचा पूर्ण दिवस लागला. मी रजा टाकली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कोरडी इस्त्री, अगदी मंद, वर सुती कापड. गोंद उष्णतेने मऊ होतो. तीस सेकंद गरम करायचं, पातळ पातं सरकवायचं, दोन मिलिमीटर पुढे जायचं. उर्वशी समोर बसून घड्याळ पाहून सेकंद मोजत होती. मध्येच म्हणाली, “मॅडम, तुमी हे शिकल्या कुठं?” मी म्हटलं, “कुठेच नाही. आत्ता शिकतेय.” ती हसली नाही. पुन्हा मोजू लागली.

चार वाजता पान सुटलं. मागच्या बाजूला सहा नोंदी होत्या. गोंदातल्या पाण्याने अक्षरं जांभळी होऊन फुगली होती. दोन नोंदी गेल्या होत्या, त्यातलं एक नावही वाचता येत नव्हतं. चौथी अशी होती : बाप थावरा, राहणार तांडा, जात लभाण, मुलगा. बंजाऱ्यांना आमच्याकडे तेव्हा कागदोपत्री लभाण लिहीत. मुलाचं नाव नव्हतं, कारण कोतवाल येईपर्यंत ते ठेवलेलं नसायचं. महिना आणि साल होतं. तारीख नव्हती. मी लाकडाचा पापुद्रा उलटा करून पाहिला. तारीख तिथे होती, जांभळी, उलटी उमटलेली. उर्वशीने पर्समधून छोटा आरसा काढून धरला. आरशात एकोणीस दिसलं. अठ्ठ्याण्णवच्या नकलेवरही एकोणीसच होतं.

“आजोबाचा वाढदिवस,” ती म्हणाली. “लाकडावर हाये.”

पान मिळालं म्हणजे काम झालं नव्हतं. कापलेलं, फुगलेलं, गोंद लागलेलं, अर्धी तारीख वेगळ्या तुकड्यावर असलेलं पान मी समितीपुढे ठेवलं, आणि ते असं का झालं हे लिहिलं नाही, तर ते पाहणारा कुठलाही माणूस एकच म्हणेल : मागाहून चिकटवलंय, बोगस. मग उर्वशीची जागा तर जाईलच, वर खोटा पुरावा दिल्याचा ठपका येईल. पान कुणी कापलं, कुठे होतं, कसं सोडवलं, हे नावानिशी शेऱ्यात आलं तरच नोंद उभी राहत होती. आणि त्या नावांत माझंही होतं. किल्ली मी दिली होती.

मी एक मोघम शेराही लिहून पाहिला, हे इथे सांगायला हवं. ‘सदर पान काळाच्या ओघात सुटे झाले होते.’ वाचायला चांगला वाटत होता. मी तो कागद फाडला आणि हात धुतले.

शुक्रवारी सकाळी मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. गुरुजी तिथे आधीच चहा पीत बसले होते.

“मॅडम, पान मिळालं ना?” साहेब म्हणाले. “मग लावून टाका जागेवर. विषय संपला. गुरुजींना दुसरी एखादी फ्रेम देऊ.”

“शेरा लिहावा लागेल साहेब.”

“लिहा ना. मोघम लिहा. पान सुटे झाले होते.”

त्यांच्या तोंडून माझंच वाक्य आलं. मला गुरुजींच्या अंगठ्यापेक्षा त्या क्षणी स्वतःची जास्त किळस आली.

“सुटं झालेलं नाही, कापलंय,” मी म्हणाले. “समितीला डोळ्यांनी दिसेल. ती मुलगी खोटी ठरेल.”

“तिचं ती पाहील हो. उद्या कार्यक्रम आहे, पत्रिका वाटून झाल्या.”

“पोरी,” गुरुजी म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. “माह्या वयाचा तं विचार कर. म्या काय चोरी केली? इकलं काय एक तरी पान? गावासाठीच ठेवलं ना?”

“रूपसिंग राठोड तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत,” मी म्हणाले. “तेही गावातलेच.”

“तांडा गावात धरत नाई आमी,” गुरुजी म्हणाले. त्यांनी ते मला दुखवायला म्हटलं नव्हतं. ते नकाशाबद्दल बोलत होते.

मी उठले. साहेब मागून म्हणाले, “मॅडम, लिहिलंत तर तुमच्यावरही येईल, लक्षात ठेवा.” मी म्हटलं, लक्षात आहे.

शेरा मी कक्षात बसून लिहिला, रूपसिंग आणि उर्वशी समोर असताना. पान ४३ श्री. भगवानराव गावंडे यांनी अभिलेख कक्षात ब्लेडने कापले. त्या वेळी कक्षाची किल्ली मी, प्रभावती, अभिलेखपाल, नियमाविरुद्ध त्यांच्याकडे सोपवली होती. पान प्लायवूडवर चिकटवलेले आढळले. या तारखेस, या साक्षीदारांसमोर, या पद्धतीने वेगळे केले. तारखेचा आकडा लाकडाच्या पापुद्र्यावर आहे, तो पाकिटात जोडला आहे. साक्षीदार म्हणून डोमाजीची सही घेतली. खाली माझी.

विक्की दारात उभा राहून वाचत होता. “तुमीच तुमच्या गळ्यात घंटी बांधून राह्यल्या मॅडम.”

“विक्की, तू सोमवारी यांना बोगस म्हणालास.”

 तो बाहेर जाऊन थुंकून आला, आणि रूपसिंगना म्हणाला, “बाबा, बसा. चहा सांगतो.”

“बसतो ना,” रूपसिंग म्हणाले. “आता जन्म झाला माहा. पयला चहा तुह्याच हातचा.”

शनिवारी मी कार्यक्रमाला गेले नाही. सत्कार झाला. शेरे कुणी वाचत नसतं. मी कक्षात सुनावणीसाठी रजिस्टर बांधत होते, आणि मैदानातल्या भोंग्यातून मानपत्र ऐकू येत होतं. ‘गावाच्या स्मृतीचे राखणदार’ला टाळ्या पडल्या. मी खिडकी लावली. काच फुटलेली होती, त्यामुळे काही फरक पडला नाही.

सोमवारी समितीच्या अधिकारी बाईंनी शेरा दोनदा वाचला, भिंगातून कापलेली कड पाहिली, खाच पाहिली, पापुद्रा आरशात पाहिला. मग रूपसिंगना विचारलं, “वडिलांचं नाव?” “थावरा.” त्यांनी नोंद ग्राह्य धरली. उर्वशीने आरसा पर्समध्ये ठेवला आणि मला नमस्कार करायला वाकली. मी तिला वाकू दिलं नाही.

बुधवारी मला कारणे दाखवा नोटीस आली. मी एका परिच्छेदात उत्तर दिलं. त्यात शेऱ्यापेक्षा वेगळं काही नव्हतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, समितीच्या पत्रावरून, बाकीच्या पानांच्या पंचनाम्यासाठी आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. तलाठी, विक्की आणि मी. गुरुजी आतल्या खोलीत बसून राहिले, बाहेर आले नाहीत. पत्र्याची पेटी बैठकीत आणून ठेवलेली होती. विक्की सवयीने अंगठा तोंडाकडे नेत होता, माझ्याकडे पाहून थांबला आणि पँटला पुसला.

एकशे बारा पानं निघाली. तलाठी म्हणाले, “सांगा मॅडम, पहिल्यावर काय लिहू?” मी पहिलं पान घेतलं आणि ते वाचण्याआधी उलटं केलं.